पेठ नाक्यावरची साक्ष

नाशिक, २१ जून १९९२

अहो,

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. सुनीलभाऊजी जीप घेऊन मुंबईला विमानतळावर आले होते. आईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि निकिताला पोटाशी धरून पुष्कळ रडल्या. गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटला भाऊजींनी रंग देऊन ठेवलाय. काही कमी नाही.

माणसं भेटायला येतात. लॉस एंजेलिसच्या आगी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्यात. चहाचा कप हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काळ्यांनीच जाळलं ना तुमचं दुकान?’ तुम्ही फोनवर सगळ्यांना तेवढंच सांगितलंय. मी म्हणते, ‘हो. आणि तीन रात्री आम्हाला घरात लपवून ठेवलं तेही काळ्यांनीच.’ मग माणसं चहात बिस्कीट बुडवतात.

आम्हाला लपवणाऱ्या हॅटीबाईंचं नावसुद्धा तुम्ही घेत नाही. मी आणि निकिता त्यांच्या मागच्या खोलीत जमिनीवर झोपलो होतो, तेव्हा तुम्ही पिस्तूल घेऊन दुकानाच्या छपरावर बसला होतात. खालून धूर आला तेव्हा शिडी कुणी लावली? त्यांच्या नातवानं. सहा महिन्यांपूर्वी ह्याच मुलावर तुम्ही गल्ल्याखालचं पिस्तूल रोखलं होतं, खिशात काहीतरी घातलं म्हणून. खिशातून निघाला बसचा पास. मी तेव्हाच म्हणाले होते, हे तुम्हाला कधीतरी जड जाईल. तुम्ही म्हणालात, ‘तुला धंदा कळत नाही.’

धंदा मला कळत नसेल. पण त्या भागात ज्यूसच्या बाटलीवरून पंधरा वर्षांची काळी मुलगी दुकानदारीणबाईच्या गोळीनं मेली आणि त्या बाईला तुरुंग झाला नाही, हे मला कळलं होतं. रस्त्यावर पडलेल्या काळ्या माणसाला पोलीस दांडक्यांनी मारतायत हे साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं, आणि कोर्टानं त्या पोलिसांना सोडलं, तेव्हा संध्याकाळी काय होणार हेही कळलं होतं. मी दुपारीच शटर ओढा म्हणाले होते.

तुम्ही लिहिता, दुकान पुन्हा बांधू, ह्या वेळी जाड काचेआडून दारू विकू आणि मोठी बंदूक घेऊ. त्या काचेआड मी बसणार नाही.

निकिताचं नाव इथल्या शाळेत घातलंय. सध्यापुरतं.

मोहिनी


नाशिक, १५ जानेवारी १९९३

अहो,

मुंबई जळतेय हे ऐकून तुमचा फोन आला. ‘तिथे दंगली आहेत, मुलीला घेऊन परत ये,’ म्हणालात. मला आधी हसू आलं. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ रडले.

इथे नाशिकला तसं शांत आहे. पण खालच्या मजल्यावर टीव्हीसमोर माणसं जमतात आणि ‘ती लोकं, ती लोकं’ म्हणतात. सूर तोच, तुमचा. निकिता अकरा वर्षांची, तिच्या त्या अमेरिकी मराठीत विचारते, ‘आई, इकडे ती लोकं म्हणजे कोण?’ काय सांगू?

लायसन्सच्या सुनावणीत हॅटीबाई तुमच्या विरोधात बोलल्या म्हणून तुम्ही चिडलाय. नीट वाचा तुमचंच पत्र. त्या म्हणाल्या, ‘दुकान उघडू दे, दारू नको. आमच्या गल्लीत दारूची दुकानं भरपूर आहेत, भाजी घ्यायला दोन बस बदलाव्या लागतात.’ ह्यात विरोध कुठे आहे? त्यांचा नवरा कामाला होता तो टायरचा कारखाना बंद पडला तेव्हापासूनची गोष्ट त्या मला सांगायच्या, इस्त्री करता करता. आधी कारखाना गेला, मग बँक गेली, मग मोठं दुकान गेलं, मग आपण आलो दारू घेऊन. आगीच्या आधी तिथे इतकं काही जळून गेलं होतं, ते आपल्याला दिसलं नाही कारण तेव्हा आपण तिथे नव्हतो.

परत यायचं माझ्याच्यानं होणार नाही. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, धीर झाला नाही.

मोहिनी


नाशिक, ३ नोव्हेंबर १९९५

अहो,

आईंनी तुम्हाला कळवलंच असेल, ‘सून नाक्यावर भाकऱ्या बडवते’ म्हणून. खरं आहे. पेठ नाक्याजवळ खानावळ काढलीय. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, दोन चुली.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आले की पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी माणसं मुलाबाळांसकट उतरतात. पहाटे नाक्यावर उभी राहतात, मळेवाले येऊन ट्रॅक्टरमध्ये भरून नेतात. दिवसभर उपाशी. मी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि ठेचा करते. पहिले दोन महिने बाकावर कुणी बसलं नाही, भाकरी हातात घेऊन बाहेर उकिडवी बसायची. एक दिवस भागीबाई नावाची बाई आत आली, बाकावर टेकली आणि म्हणाली, ‘बाई, तू पन बस ना. उभी राहून वाढतेस ते आमाला बरं नाय वाटत.’ ती मला ‘तू’च म्हणते. तिच्या गावाकडे कुणालाच ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. आता बाकांवर जागा मिळत नाही.

तिचा नवरा मंगळू टोळीचा मुकादम आहे. कमी बोलणारा, हसला की सगळा चेहरा हसतो. त्यांची टोळी ह्या वर्षी सुनीलभाऊजींच्या मळ्यावर आहे, दिंडोरी रस्त्याला. तुमच्या दोघा भावांच्या नावावरची जमीन आता ओळखू येत नाही, सगळीकडे द्राक्ष. भाऊजींनी पॅकिंगची मोठी शेड बांधलीय, माल परदेशी जातो.

तुमची कपडे धुण्याच्या मशिनची कल्पना मला आवडली. लाँड्री चालेल. त्या गल्लीत घरात मशिन असलेली कितीशी माणसं आहेत? पहिल्या दिवशी कोण आलं ते कळवा.

मोहिनी


नाशिक, ११ फेब्रुवारी १९९८

अहो,

तुम्हाला सुनीलभाऊजींचा फोन आलाच असेल. आता माझं ऐका.

परवा दुपारी मी रिक्षातून शेडवर भाकऱ्यांची टोपली घेऊन गेले. गेटमधून आत गेले तर काम बंद. बायका भिंतीला चिकटून उभ्या. मधल्या लोखंडी खांबाला मंगळूला दोरीनं बांधलेलं आणि भाऊजी रबरी पाइपनं मारतायत. विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. टोळीतल्या कुणीतरी विकली असा संशय, आणि मुकादम म्हणून मंगळूनं नाव सांगावं. तो म्हणत होता, ‘आमी चोर नाय दादा, आमी चोर नाय.’ पाइपाच्या टोकाला पितळी तोटी होती. ती डोळ्यावर बसली.

मी टोपली टाकली आणि भाऊजींचा हात धरला. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही मधे पडू नका. ह्या लोकांना हीच भाषा कळते.’

अहो, मला गल्ल्याखालचं पिस्तूल दिसलं.

मी दोरी सोडली. सिव्हिलला नेलं. डावा डोळा गेला.

आणि मोटर? ती भाऊजींच्याच ड्रायव्हरनं वाइंडिंगला दुकानात टाकली होती, सांगायला विसरला होता. काल मिळाली.

ठाण्यात गेलेल्यांना ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं. त्यामुळे काल संध्याकाळी नाक्यावर दीडदोनशे माणसं जमली. पेठकडून दोन जीप भरून आल्या. डिझेलचे कॅन होते. शेड पेटवायची, हे ठरलं होतं. दुकानदार धडाधड शटर ओढत होते. तो आवाज मला ओळखीचा आहे. निकिता म्हणाली, ‘आई, आत चल.’ मी बाकावर चढले.

‘जाळा,’ मी म्हणाले. ‘चांगली पेटेल. आत सगळे प्लॅस्टिकचे क्रेट आहेत. पुढे काय?’

एक पोरगा ओरडला, ‘पुढं काय! त्याला कळल तरी!’

‘त्याचा विमा आहे. वर्षात नवी शेड बांधेल. तुमच्यातले चाळीस जण आत जातील. मंगळूला कुणी मारलं हे मग कुणी विचारणार नाही, शेड कुणी जाळली एवढंच विचारतील. मी पाहिलंय हे. माझं स्वतःचं दुकान जळताना पाहिलंय. ज्यांनी जाळलं त्यांच्याच आया नंतर दुधासाठी कोस-कोस चालत होत्या, आणि ज्यांनी मारलं होतं ते आपापल्या घरी होते.’

भागीबाई पुढे आली. तिच्या लुगड्यावर मंगळूचं रक्त होतं. ‘मग आमी गप बसावं? तू सांग, गप बसावं?’

‘नाही. केस करायची.’

‘साक्ष कोन देल? आमच्या मान्सांची साक्ष कोन धरल? वकील बोलल, सगळी एका टोळीची.’

‘मी देते.’

भागीबाई माझ्याकडे बघत राहिली. ‘तुझा दीर हाय तो.’

‘म्हणूनच माझी साक्ष धरतील.’

ती हळूच म्हणाली, ‘तू फिरलीस तर?’

‘तर मग जाळा. आधी माझी खानावळ जाळा.’

डिझेलचे कॅन परत जीपमध्ये गेले. एका तासात आम्ही सगळे ठाण्यावर चालत गेलो आणि मी पहिली सही केली. दोनशे माणसं रस्त्यावर बसून होती, फिर्याद लिहून होईपर्यंत कुणी हललं नाही.

हे मी तुम्हाला विचारून केलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात हे मला ठाऊक आहे.

मोहिनी


पेठ नाका, नाशिक, ३० ऑगस्ट १९९८

अहो,

पत्ता बदललाय. खानावळीमागच्या दोन खोल्यांत राहतो आता. फ्लॅट तुमच्या नावाचा, तुम्ही भाऊजींना म्हणालात ‘तिला सांग रिकामा करायला’, मी केला. किल्ली आईंच्या हातात दिली. त्यांनी घेतली आणि तोंड फिरवलं.

मी मागे कळवलं होतं की इथे सगळं ठीक आहे. तसं नव्हतं. दोनदा खानावळीवर दगड आले. एकदा पाण्याच्या पिंपात रॉकेल ओतलं. आता टोळीतल्या बायका पाळीपाळीनं इथेच निजतात. निकिता त्यांच्याकडून भोपळ्याची पावरी फुंकायला शिकतेय, कानठळ्या बसतात.

मागच्या महिन्यात भाऊजी आले होते. बाकावर बसले, पाणीसुद्धा घेतलं. म्हणाले, ‘वहिनी, दादाच्या वाट्याची जमीन तुमच्या नावावर करून देतो. दादाशी बोललोय. तुम्ही फक्त म्हणा, लांबून नीट दिसलं नाही.’

मी म्हणाले, ‘भाऊजी, तुमचा हात माझ्या हातात होता.’

आणि त्याच रात्री तुमचा फोन. ‘जमीन देतोय ना तो? घरातलं घरात मिटव. परक्यांसाठी भावाला तुरुंगात घालतेस?’

मी फोन ठेवला. तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहिते. तुम्ही छपरावर होतात आणि खाली आग होती. ज्यानं शिडी लावली तो तुमचा कोण होता? त्याला त्या रात्री कुणीतरी म्हणालंच असेल, परक्यासाठी कशाला जातोस म्हणून.

उत्तर पाठवू नका, राग असेल तर. पण मशिनी कशा चालल्यात ते निकिताला तरी लिहा. ती बापाची पोरगी आहे.

मोहिनी


पेठ नाका, नाशिक, १८ मार्च २००१

अहो,

अडीच वर्षांनी लिहितेय. निकिताच्या पत्रांतून तुमचं कळतं. लाँड्री दुप्पट केलीत, हॅटीबाईंचा नातू आता तुमच्याकडे व्यवस्थापक आहे. त्याच्याशी तुम्ही त्या पिस्तुलाबद्दल बोललात आणि माफी मागितलीत, हे निकितानं मला वाचून दाखवलं. मी तिला पुन्हा वाचायला लावलं.

काल माझी साक्ष झाली. घटना सांगितली, पाइप ओळखला. मग त्यांचे वकील उठले.

‘तुम्ही पतीपासून वेगळ्या राहता?’

‘हो.’

‘दिराच्या कुटुंबाशी पटत नाही?’

‘घटनेच्या दिवसापर्यंत रोज बोलणं होतं.’

‘दिंडोरी रस्त्याच्या जमिनीत तुमच्या पतीचा हिस्सा आहे. ती सगळी तुम्हाला हवी होती. दिरानं नकार दिला म्हणून मजुरांना हाताशी धरून तुम्ही हे रचलंत. बरोबर?’

‘साफ खोटं आहे. जमीन मला देऊ केली होती, गप्प बसण्यासाठी. मी घेतली नाही.’

‘ह्याला पुरावा?’

पुरावा काय देणार? तिथे मी आणि भाऊजी दोघंच होतो. वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. मागच्या बाकावर मंगळू बसला होता. त्यानं मान खाली घातली. बाहेर आले तर पोरं म्हणत होती, ‘बोललो होतो ना, कोर्टात काय नाय व्हत.’ भागीबाईनं माझ्याकडे न बघता चपला घातल्या, ते मला जास्त लागलं. त्यांना मी तीन वर्षं थांबवून ठेवलंय. कोर्टानं ‘काही घडलंच नाही’ म्हटलं तर त्या संध्याकाळी मी कुठल्या तोंडानं बाकावर चढू?

तो प्रस्ताव आणखी एकाच माणसाला माहीत आहे. भाऊजींनी तुम्हाला फोन केला होता.

मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही असं म्हणणार नाही. पुष्कळ मागितलं, बरंचसं मिळालंही. आता एवढंच मागते. या, आणि जे ऐकलंत ते सांगा. भाऊ तुमचा आहे, आई तुमची आहे, किती अवघड आहे हे मी जाणते. मीही त्याच घरातली आहे.

नाही आलात तरी मी केस सोडणार नाही.

मोहिनी


पेठ नाका, नाशिक, २२ डिसेंबर २००१

अहो,

जिंकलो!

फोनवर तुम्हाला एवढंच ऐकू आलं असेल, मागे पावरी चालू होती. आता सविस्तर लिहिते.

आधी जुलैबद्दल. तुम्ही साक्ष देऊन तिसऱ्या दिवशी गेलात, धड बोलणंच झालं नाही. तुम्ही पिंजऱ्यात पाठमोरे होतात, मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. पण सरकारी वकिलांनी ‘वाल्मीकराव, तुमच्या भावानं फोनवर काय सांगितलं?’ असं विचारलं तेव्हा तुम्ही जो वेळ घेतलात, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या भागीबाईनं माझा हात दाबून दाबून बधिर केला. मग तुम्ही म्हणालात, ‘जमीन देतो, तिला गप्प कर, असं म्हणाला. आणि मी तिला गप्प करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही.’ भाऊजी तुमच्याकडे बघत नव्हते. भागीबाई माझ्या कानात म्हणाली, ‘ह्यो तुझा नवरा? बरा हाय की.’

परवा निकाल होता. सकाळपासून कोर्टाबाहेर माणसं. पेठ, सुरगाणा, कळवणकडूनसुद्धा आली होती. पोलिसांच्या दोन गाड्या. रस्त्यावरची दुकानं बंद, नाक्यावरचीही बंद. सगळ्या शहराला वाटत होतं आज काहीतरी होणार. मलाही वाटत होतं. डोळ्यांपुढे लॉस एंजेलिसची ती दुपार होती.

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. बांधून ठेवणं सिद्ध. गंभीर दुखापत सिद्ध. तीन वर्षं सक्तमजुरी, आणि मंगळूला भरपाई. वकिली मराठी, भागीबाईला काही उमगलं नाही. ती मला हलवत होती, ‘काय बोलला? काय बोलला सायेब?’

‘म्हणाले, मंगळू चोर नाही. सुनीलनं त्याला मारलं आणि ते चुकीचं होतं.’

‘असं बोलला? सायेब बोलला?’

‘हो.’

‘परत सांग.’

मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती उठली, कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली आणि दोन्ही हात वर करून तिच्या बोलीत काय ओरडली ते मला शब्दशः कळलं नाही, पण पाचसहाशे माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो साऱ्या नाशिकनं ऐकला असेल. पोलीस दचकून उठले. आणि पावरी वाजायला लागली.

कोर्टापासून नाक्यापर्यंत नाचत आलो. मी पण. ह्या वयात, गुडघे दुखतात तरी. मग कुणीतरी म्हणालं, दिंडोरी रस्त्यानं जाऊ, शेडवरून. एक पोलीस अधिकारी माझ्याजवळ आला, ‘बाई, त्या बाजूला नको.’ मी म्हणाले, ‘या बरोबर.’ अख्खी मिरवणूक शेडसमोरून गेली. मंगळू सगळ्यात पुढे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गुलाल इतका की उघडा डोळा आणि मिटलेला डोळा वेगळा ओळखू येईना. गेटवरचा वॉचमन आतून कडी लावून उभा होता. मंगळू गेटसमोर थांबला. सगळे थांबले, पावरी थांबली. तो वॉचमनला म्हणाला, ‘भिऊ नको रे. आमी फक्त जातोय.’ आणि पावरी पुन्हा सुरू झाली. कुणी एक खडा उचलला नाही.

आम्ही परत आलो तोवर नाक्यावरची शटरं वर गेली होती. जिलेबीवाल्यानं कढई चढवली होती. काल दिंडोरी रस्त्याचे चार मळेवाले माझ्याकडे आले. ह्या हंगामाला टोळ्या हव्यात. मी म्हणाले, भागीबाईशी बोला. ती बाकावर पाय सोडून बसली होती. ‘काम करू,’ ती म्हणाली, ‘पन मान्साला हात लावायचा नाय. हे आधी बोल, मग भाव बोल.’ चौघांनीही एकेक करून तिच्यासमोर ते म्हटलं. शेवटचा पुटपुटला, तर तिनं त्याला मोठ्यानं म्हणायला लावलं!

आईंबद्दल विचारलंत. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मुलगा तुरुंगात गेलाय, का बोलतील? कालपासून मी सकाळी निकिताच्या हाती डबा पाठवते. काल तसाच परत आला. आज रिकामा आला, घासून आणलेला.

सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तुमच्या लाँड्रीच्या काचेवर ‘आपल्या देशात परत जा’ लिहिलं गेलं, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, निकिताला कळवलंत. आणि हॅटीबाईंचा नातू दारात खुर्ची टाकून आठवडाभर बसला होता, हेही. त्याला माझा नमस्कार सांगा. हॅटीबाईंना सांगा, निकाल आपल्या बाजूनं लागला. ‘आपल्या’ म्हणा, त्यांना समजेल.

मी आता तिकडे येणार नाही. पण तुम्ही यायचं ठरवलंत, तर दोन खोल्या आहेत, तिसरी काढता येईल. मागे आलात तेव्हा पत्त्याचा कागद घेऊन तासभर नाक्यावर फिरलात म्हणे. ह्या वेळी कागद नको. रिक्षात बसा आणि ‘साक्षवाल्या बाईकडे’ म्हणा. सगळे ओळखतात.

तुमची,
मोहिनी